शब्दाखालचं नाव

…तर बाईंनी लग्नपत्रिकेची पांढरी मागची बाजू माझ्यापुढे धरली आणि विचारलं, "धोंडिबा, तुमच्या या मशीनवर 'रन' म्हणजे काय?" काल इथपर्यंत आलो होतो आणि तेवढ्यात सूनबाईंनी वरून जेवायला हाक मारली. गोष्ट अर्धी राहिली की मला अन्न गोड लागत नाही. आज पुरी करू.

मी म्हणालो, "रन म्हंजे पळणं. मुळशीच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलोय बाई, एवढं येतंय."

"ते मलाही येतंय. मी मशीनवरचं विचारतेय."

"मशीनवर होय? मशीनवर मालक म्हणतात, धोंडिबा, आज दोन हजारांचा रन हाय. म्हंजे फर्मा, खिळे जुळवलेली चौकट, एकदा चढवला की उतरेपर्यंत जेवढं छापून निघंल, तो एक रन."

बाईंनी ते बारीक अक्षरात लिहून घेतलं. मग पेन तसंच धरून म्हणाल्या, "पूर्ण नाव सांगा."

साल शहाण्णव. बाई आमच्या छापखान्यात आल्या होत्या त्या शाळेच्या सहामाहीच्या प्रश्नपत्रिका छापून घ्यायला. मला वाटलं, पेपर फुटला आणि नाव माझ्यावर आलं. म्हटलं, "बाई, शपथ घेतो, त्यातलं एक अक्षर वाचलेलं नाही. इंग्रजी हाय ते."

बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. "अहो, अर्थ तुम्ही सांगितलात ना? मग त्याच्याखाली नाव तुमचंच नको का?"

आता मला सांगा, तोवर माझं नाव कुणी लिहून घेतलं होतं? रेशनकार्डावर घेतलं होतं, आणि एकदा सायकलला दिवा नव्हता म्हणून हवालदाराने. कौतुकाने कुणी घेतलं नव्हतं. मला चेव चढलाच जरा. म्हणालो, "आणखी लिहा. या ट्रेडलवर, नुसत्या पायाच्या जोरावर, एका दिवसात चाळीस हजारांचा रन काढलाय मी. एकदाही न थांबता." मागे मालकांना खोकला आला. बाईंनी मात्र तेही लिहून घेतलं.

बाईंचं नाव चंपा ओव्हाळ. येरवड्याला महापालिकेच्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या. उंची पाच फुटांना दोन बोटं कमी, खांद्याला कापडी पिशवी, आणि पिशवीत कापलेल्या लग्नपत्रिका. पुण्यात लग्नं काय कमी होतात? लग्न लागून गेलं की पत्रिका कुणाला हवी असते! बाई शेजारीपाजारी, शाळेत, दवाखान्यात, जिथे जातील तिथून त्या मागून आणायच्या आणि एकीची चार कार्डं कापायच्या. त्यामुळे पुढच्या बाजूला अर्धा गणपती नाहीतर नवरीच्या मामाचं नाव, आणि मागच्या बाजूला 'रन'.

हे खूळ लागलं कसं ते ऐका. मला त्यांनी स्वतः सांगितलंय, एकदा नाही, दहा वेळा.

सहावी ब. बाईंनी फळ्यावर लिहिलं, रन म्हणजे पळणे. मागच्या बाकावरून जया नावाची मुलगी उठली. तिचे वडील गाऊन शिवायचे. ती म्हणाली, "बाई, माझे पप्पा आईला सांगतात, आधी रनिंग टाका घाल, मग मशीन मार. पण तेव्हा कुणीच पळत नसतं." वर्ग खो खो हसला. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, खाली बस. बाईंनी खडू खाली ठेवला. त्या दिवसाचा धडा तिथेच थांबवला आणि गृहपाठ दिला, "उद्या प्रत्येकाने घरून एक रन आणायचा. ज्याच्याकडून आणाल त्याचं नाव विचारून यायचं. आणि क्रिकेटचा आणलात तर बाहेर उभं करीन."

दुसऱ्या दिवशी काय धमाल! बद्रीनाथचे वडील खिडक्यांच्या जाळ्या करायचे, त्याने 'रनिंग फूट' आणला, लांबीला भाव लावतात तो. शैलाची आई कल्याणीनगरला धुणंभांडी करायची, तिथल्या मॅडम म्हणायच्या, बघ हं, कलर रन होईल. म्हणून शैलाने कपड्यातून पसरणारा रंग आणला. एकाने रिक्षा आणली. ती दोन वर्षं दारात उभी होती, तरी विकताना वडील गिऱ्हाइकाला सांगत होते की गाडी रनिंगमध्ये आहे. एकाने तर डॉक्टरांचं 'रनिंग नोज' आणलं, आणि नमुना म्हणून स्वतःचं नाकही आणलं होतं.

आणि चेतन. हे नाव लक्षात ठेवा.

चेतनचे वडील दशरथ. थेटरात कामाला. तुम्हाला आता खरं वाटणार नाही, पण तेव्हा सिनेमाची प्रिंट एक आणि थेटरं दोन असं असायचं. इथे पहिली रिळं दाखवून झाली की ती पेटीत घालायची, सायकलला बांधायची आणि दुसऱ्या थेटरात पोचवायची, तिथला खेळ उशिरा सुरू व्हायचा. मधे पंक्चर झालं की पाचशे माणसं अंधारात बसून आईबहिणीचा उद्धार करायची, ती दशरथच्या. त्याच्याकडून चेतनने आणलं: सिनेमा थेटरात जितके आठवडे चालतो, तेवढा त्याचा रन, रन संपला की पेट्या मुंबईला परत.

बाईंनी कार्डावर अर्थ लिहिला आणि खाली लिहिलं, 'सांगणारे: दशरथ, रिळवाले. आणणारा: चेतन, सहावी ब.'

तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत दशरथ शाळेच्या दारात, सायकल धरून उभा. मागे पेटी. "बाई, पोरगं म्हणतंय तुम्ही माझं नाव लिवलंय. बघाया मिळंल का?" बाईंनी कार्ड काढून हातात दिलं. त्याला वाचता येत नव्हतं. त्याने विचारलं, "यात मी कुठं हाय?" बाईंनी त्याचं बोट धरून नावावर ठेवलं. बोट तिथून हलेना. दुसऱ्या थेटरात माणसं खोळंबलेली, आणि हा माणूस शाळेच्या व्हरांड्यात एका कार्डावर बोट ठेवून उभा. त्या दिवशी वर्गात बाईंनी सांगून टाकलं, "याचं पुस्तक होईल. आणि पुस्तकात प्रत्येक अर्थाखाली नाव छापलेलं असेल. हे मी कबूल करते."

असं कबूल कशाला करावं माणसाने? पण त्यालाही कारण होतं. बाई स्वतः खेड्यातल्या शाळेत चौथीत असताना तपासणीला साहेब आले होते. बाईंचा निबंध त्यांना आवडला. कुणी लिहिला म्हणून विचारलं, तर गुरुजींनी पाटलांच्या मुलीला उभं केलं. तिला पेन्सिल बक्षीस मिळाली. बाई म्हणायच्या, "पेन्सिलीचं काही नाही हो धोंडिबा, पण ती माझ्याकडे बघून रडायला लागली. तिलाही माहीत होतं ना." एवढंच सांगायच्या. आणि पुढचं कार्ड कापायला घ्यायच्या.

पुढे वर्षानुवर्षं प्रत्येक वर्गाने रन आणले. वर्ग संपले, बाई निवृत्त झाल्या, तरी कार्डं थांबली नाहीत. आमचा छापखाना बंद पडला, मी मुलाकडे कर्वेनगरला आलो, आणि काय योग पाहा, चार वर्षांनी आमच्याच सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर बाई राहायला आल्या, भाची निकिताकडे. निकिता हिंजवडीला नोकरीला. आत्या-भाची दोघीच. मी खाली बाकावर बसलेलो, टेम्पोतून बिस्किटांचे पाच पत्र्याचे डबे उतरले, त्यामागोमाग बाई उतरल्या. मला बघून पहिलं वाक्य, "धोंडिबा, चाळीस हजारवाले ना?"

मग काय, रोज संध्याकाळी बाक. त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेलो तर डॉक्टर म्हणाले, "तुमच्या घरात शुगर रन होते का?" बाईंनी शुगर राहू दिली बाजूला आणि पिशवीतून कार्ड काढलं. "डॉक्टर, पूर्ण नाव सांगा." एकदा निकिताच्या ऑफिसातला वरद नावाचा मुलगा घरी आला होता. बोलता बोलता म्हणाला, "काकू, प्रोग्राम रन केला आणि क्रॅश झाला." बाई म्हणाल्या, "पूर्ण नाव?" त्याचा चेहरा उतरला. "काकू, एचआरला नाही ना सांगणार?"

पुस्तक का झालं नाही, तेही सांगतो. एक प्रकाशक तयार होते. सदाशिव पेठेतले, स्वच्छ माणूस. कार्डं बघून म्हणाले, "उत्तम आहे. फक्त ही नावं काढा. वाचकाला त्यांच्याशी काय कर्तव्य? पन्नास पानं वाचतील." बाईंनी डब्याचं झाकण लावलं. "तुमची पानं वाचतील, पण माझी मुलं कुठे जातील?" प्रकाशक म्हणाले, "आपली मर्जी. जाताना दार ओढून घ्या." मी दार ओढून घेतलं. जरा जोरात.

आता चेतनकडे येतो. इतका वेळ लांबवलं, कारण इथे माझाही हात आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दुपारी फाटकात एक गाडी थांबली. त्यातून चाळिशीचा देखणा माणूस उतरला, मला म्हणाला, "आजोबा, ओव्हाळबाई इथेच राहतात ना?" वर नेलं. त्याने बाईंच्या पायावर डोकं ठेवलं. "जय भीम बाई. ओळखलंत का? सहावी ब." बाईंनी एका क्षणात ओळखलं. "चेतन! दशरथभाऊ कसे आहेत?" वडील जाऊन सहा वर्षं झाली होती. बाईंनी डोळे पुसले, आणि मग दोघं बोलत बसली. चेतन आता हिंजवडीतल्या कंपन्यांमध्ये जाऊन नव्या पोरांना इंग्रजी बोलायला शिकवतो, स्टेजवर उभा राहून, कानाला माइक लावून. बोलताना हात असे करतो की वारा लागतो.

त्याने डबे पाहिले. म्हणाला, "बाई, चारशेच्या वर कार्डं! उद्या वाळवी लागली तर? मी टाइप करून देतो सगळं. नावांसकट. तुमचं पुस्तक मी करून देतो."

बाईंनी डब्यावर हात ठेवला. त्यांनी कधी एक कार्डही कुणाला घरी नेऊ दिलं नव्हतं. त्या माझ्याकडे बघायला लागल्या.

आणि मी म्हणालो, "द्या की बाई. घरचं पोर हाय. याच्या हाती नाही द्यायचं तर कुणाच्या?"

हे माझं वाक्य. मी कितीही गोष्टी सांगतो, कुणाच्याही तोंडी काहीही घालतो, पण हे वाक्य माझंच आहे आणि ते दुसऱ्या कुणाच्या नावावर टाकता येत नाही.

डबे गेले. तीन महिन्यांनी परत आले. आणि कसे परत आले सांगू? पुसून. कार्डं जागच्या जागी, एक कमी नाही. मी म्हटलं, "बघा, मी सांगत नव्हतो?" बाईंनी चेतनला शिरा करून घातला. त्याने दोनदा मागून घेतला. "आता बघा बाई, काय करतो ते," म्हणाला आणि गेला.

मग वर्ष गेलं. आणखी सहा महिने गेले. बाईंनी दोनदा फोन केला, तर मीटिंगमध्ये आहे म्हणाला. बाई म्हणायच्या, "चारशे बारा कार्डं आहेत, वेळ लागणारच." माझी समजूत त्याच घालायच्या.

यंदा जानेवारीत निकिता कंपनीच्या बसमधून उतरली. मी आणि बाई बाकावर. तिच्या हातात एक पुस्तक. "आत्या, ऑफिसमध्ये सगळ्यांना एकेक दिलं हे. बघ ना, तुझाच विषय." जाडजूड, चकचकीत. वर मोठ्या अक्षरात 'रन: एक शब्द, चारशे रूपं', आणि खाली चेतनचं नाव. मागच्या बाजूला त्याचा फोटो, हाताची घडी घातलेला.

मी कव्हर पाहून थिजलो. बाईंनी कव्हर पाहिलंच नाही. मला आजही ते आठवलं की कसंसं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की काय सांगू. "आलं का पुस्तक!" म्हणाल्या, आणि थेट आत उघडलं. रनिंग टाका काढला. त्याच्याखाली बोट नेलं. खाली कोरी जागा. पान उलटलं. रनिंग फूट. खाली काही नाही. पान उलटलं. रंग. नाही. आणखी मागे गेल्या, पुढे गेल्या, बोट प्रत्येक अर्थाखाली जायचं आणि परत यायचं, जसं काही आधीच्या पानावर चुकून सुटलं असेल. निकिता म्हणाली, "आत्या, काय शोधतेयस?" पुस्तकाच्या शेवटच्या पानापर्यंत बोट गेलं.

मी चष्मा लावून माझा रन शोधला. सापडला. 'पुण्यातील एका जुन्या मुद्रणालयात मिस्टर जॉन यांनी पायाने चालवायच्या यंत्रावर एका दिवसात चाळीस हजारांचा रन काढला होता.'

माझ्या जागी जॉन! आणि थाप मात्र जशीच्या तशी. मी तिथेच कबूल केलं. "बाई, माफ करा, ती थाप होती. ट्रेडलवर दिवसाला सात-आठ हजार निघाले तरी पाय रात्रभर ठणकायचे. चाळीस हजार जगात कुणी काढलेले नाहीत. हे तुमच्या कार्डाशिवाय कुठेही लिहिलेलं असणं शक्य नाही."

बाई म्हणाल्या, "मला त्याच दिवशी माहीत होतं. तुमचे मालक खोकले ना."

"मग लिहिलंत कशाला?"

"थाप तुमची होती. तुमच्या नावाखाली शोभून दिसत होती." मग पुस्तक मिटत म्हणाल्या, "आता ती बिचाऱ्या जॉनच्या गळ्यात."

इतका वेळ त्या नीट बोलत होत्या. मग जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबल्या. मला वाटलं, दम लागला. कठड्याला धरून म्हणाल्या, "धोंडिबा, चोर कार्डं चोरून नेतो. याने एकूण एक परत आणून दिली. शिरा खाल्ला." आणि वर गेल्या.

मग फोन झाला. निकिताने स्पीकरवर लावला. चेतन म्हणाला, "बाई, नावं होती हो फाइलमध्ये. एडिटिंगमध्ये गेली. आणि मला सांगा, चारशे अनोळखी नावं कोण वाचणार? कॉर्पोरेट ऑडियन्स आहे. पण तुम्हाला मी विसरलेलो नाही, पहिलं पान बघा ना." पहिलं पान बघितलं. तिथे होतं, 'माझ्या सर्व गुरुजनांस.' त्या 'सर्व'मध्ये बाई कुठेतरी असणार. शोधायला बोट ठेवायची सोय नव्हती.

मी बाईंना म्हणालो, वकील करू. त्या म्हणाल्या, "वकिलाला काय दाखवू? लग्नपत्रिका?"

पण गोष्ट तिथे मिटली नाही. कारण जया. तीच, रनिंग टाकावाली. ती आता ससूनला सिस्टर आहे. तिच्या हाती ते पुस्तक पडलं, आणि तिने शाळेच्या जुन्या मुलांच्या ग्रुपवर एकच ओळ टाकली: 'पान बारावर माझ्या पप्पांचा टाका आहे, माझे पप्पा कुठे आहेत?' मग बद्रीनाथने लिहिलं, शैलाने लिहिलं. दोन दिवसांत साठ-सत्तर जणांनी आपापलं पान शोधून काढलं. कुणी शिवी दिली नाही. नुसते पानाचे आकडे टाकत गेले आणि त्यापुढे बापाचं नाहीतर आईचं नाव.

त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी फाटकात गाडी आली.

चेतन वर आला. हातात शाल, मोत्यांची माळ, आणि एका कार्यक्रमाची निमंत्रणपत्रिका. "नमस्कार बाई," म्हणाला.

बाई म्हणाल्या, "पूर्वी जय भीम म्हणायचास."

"तसं नाही हो बाई. आता सवय झालीय, सगळ्या प्रकारचे लोक असतात ना." तो बसला. निकिता पाणी देऊन दाराशीच उभी राहिली. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत. मला कुणी जा म्हणालं नाही.

चेतन म्हणाला, "बाई, ग्रुपवर उगाच गैरसमज पसरलाय. आपण तो एकदाच संपवून टाकू. पुढच्या शनिवारी माझा मोठा कार्यक्रम आहे, हजार लोक येणार. तुम्ही स्टेजवर बसायचं. मी सगळ्यांसमोर तुमचा सत्कार करतो. आणि दुसऱ्या आवृत्तीत कव्हरवर नाव तुमचं आणि माझं, दोघांचं. आधी तुमचं घालू हवं तर."

खरं सांगतो, मला वाटलं, बाई हो म्हणतील. म्हणाव्यात असंही वाटलं. बहात्तराव्या वर्षी कव्हरवर नाव. चौथीतल्या त्या निबंधापासूनचा हिशेब होता हा, माझ्या डोळ्यांना पाणी यायला लागलं होतं.

बाईंनी विचारलं, "आणि खाली?"

"खाली म्हणजे?"

"शब्दांखाली."

चेतनने सुस्कारा टाकला. "बाई, ते नाही जमणार. चारशे नावं म्हणजे पुस्तक नाही, मतदारयादी होईल. तुमचं घालतोय ना मी?"

"माझं मी कधी मागितलं? कबूल मी त्यांना केलं होतं. त्यातले निम्मे आता नाहीत, चेतन. त्यांना जाऊन काय सांगू, तुमची जागा वाचवली, आणि त्या जागेत माझं छापून घेतलं?"

"तुम्ही फारच मनाला लावून घेता."

मी न राहवून मधे पडलो. "आणि स्टेजवर परवा तू काय म्हणालास रे? निकिताने मोबाइलवर दाखवलं मला. म्हणे, माझे वडील चित्रपट-वितरणात होते."

"होतेच की आजोबा."

"होतेच. सायकलवर."

त्याचा चेहरा असा झाला की माझं मलाच वाईट वाटलं. पण मग तो चिडला. कानाला माइक नव्हता तरी आवाज तसाच चढला. "हे बघा, स्पष्ट बोलतो. तुम्ही कार्डं जमवलीत, मान्य. पण पुस्तक मी केलं, विकलं मी. तुम्ही ते तीस वर्षं डब्यात ठेवलं होतंत. आणि इंग्रजी शब्दाचा अर्थ हा काय कुणाच्या बापाचा असतो का?"

खालून भाजीवाल्याची हाळी आली. बाई उठल्या. पाचही डबे भिंतीशी होते. त्यांनी पहिला उघडला, न शोधता एक कार्ड काढलं. पुढच्या बाजूला कुणाच्या तरी लग्नाची अर्धी तारीख, मागच्या बाजूला शाई फिकी पडलेली. ते त्यांनी चेतनच्या हातात दिलं, त्याचं बोट धरलं, आणि कार्डाच्या खालच्या ओळीवर ठेवलं.

मग त्या जे बोलल्या, ते मी एकही अक्षर इकडचं तिकडे न करता सांगतो:

"हा तुझ्या बापाचा आहे, चेतन. दशरथभाऊ अस्सेच बोट ठेवून उभे होते, आणि तू खिडकीतून बघून हसत होतास, सगळ्या वर्गाला सांगत होतास की ते माझे वडील आहेत. बाकीच्यांची नावं का काढलीस ते मी विचारत नाही, ते तू सांगितलंस. हे एक नाव काढताना तुझं बोट कुठे होतं तेवढं मला सांग, मग मी येते तुझी शाल घ्यायला."